बाकड्यावरचे तीन इम्पोर्टेड पाइप

दुकानासमोर बाकडं टाकलं की गिऱ्हाईक कमी आणि गोष्टी जास्त जमतात, हे मला ब्लाउज शिवायचं दुकान काढल्यावर लवकरच कळलं. अंबडला स्टँडवरून कोर्टाकडे जाताना माझं दुकान लागतं. खिडकीच्या आत माझं मशीन, खिडकीखाली बाकडं. त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं ऐकू येतं. एरवी मी फार लक्ष देत नाही. पण तंबाखूच्या पाइपाचं एकूणएक मला आठवतं, कारण त्या दिवसांत माझा एक कान कायम बाहेर असायचा. गप्पांसाठी नव्हे, खोकल्यासाठी.

बाकड्यावरची माणसं तीनच. एक आमचे हे, एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. दुसरे शेजारच्या फर्निचरच्या दुकानाचे इस्माईलभाई. तिसरे नामदेवराव. ते खेड्यातून बांधाच्या केसच्या तारखेला येतात, पुढची तारीख घेतात आणि शेवटच्या गाडीपर्यंत आमच्या बाकड्यावर बसतात.

इस्माईलभाईंची एक सवय आधीच सांगते. दुरुस्त केलेली कुठलीही वस्तू ते गिऱ्हाइकासमोर स्वतः वापरून दाखवतात. खुर्ची असली तर तिच्यावर बसतात. ड्रॉवर असला तर उघडझाप करतात. एकदा तर लग्नातल्या आहेराचा पलंग भर रस्त्यावर टेम्पोत चढवताना, "एक मिनिट," म्हणून ते त्यावर आडवे झाले आणि डोळे मिटले. नवरीकडचे लोक बघतच राहिले. नामदेवराव म्हणाले, "आता नवरदेवाला दुसरा पलंग बघा."

*

जालन्याच्या डॉक्टरांनी ह्यांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, बिडी आजच्या आज बंद. नाही तर पुढच्या खेपेला नळी लावून श्वास घ्यावा लागेल.  परत येताना बसमध्येच ह्यांची बोटं सारखी चाळवत होती. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेले हात ते. त्यांना रिकामं राहता येत नाही.

मग ह्यांनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस आरामखुर्चीत बसून पाइप भरत होता. तंबाखू चिमटीत धरायची, दाबायची, पुन्हा धरायची. भरण्यातच त्याची दुपार गेली. ह्यांनी हिशेब मांडला की एवढा वेळ भरण्यात जाणार, मग ओढायला उरतो किती! बिडी आपोआप सुटणार.

सगळ्यात स्वस्तातला लाकडी पाइप मागवला. खोक्यावर इम्पोर्टेड असं छापलेलं. नामदेवरावांनी फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ही तर चिलीमच हाये. नुस्ती मान वाकडी केली."

इस्माईलभाईंनी नाकाला लावला. "ड्रायव्हरसाब, लकडी कमी, पॉलिश ज्यादा."

तरी ह्यांनी पेटवलाच. पाचव्या मिनिटाला आतलं पॉलिश फुगलं आणि असा वास सुटला की शेजारचा किराणावाला धावत आला, कुठे तरी वायर जळते म्हणाला आणि जिन्याखालचं मेन स्विच पाडून गेला. आमच्या ओळीतली सगळी दुकानं अंधारात. माझं मशीन अर्ध्या बाहीवर थांबलं. लाइट गेली म्हणून सगळे रस्त्यावर उभे राहून वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होते. सगळ्यात मोठ्यानं आमचे हे बोलत होते, पाइप तोंडात धरून!

तो पाइप दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेला आणि खिशात पुन्हा बिडीचं बंडल आलं. ते मला शर्ट धुताना कळलं.   देवीच्या टेकडीवर आम्ही दर मंगळवारी जातो. त्या मंगळवारी हे अर्ध्या पायऱ्यांवरच बसले आणि मला म्हणाले, तू हो पुढं, चपलेत खडा गेलाय. मी पुढे गेले. वरून वळून पाहिलं, तर खडा काढायला हे चपलेपर्यंत वाकलेही नव्हते.

*

दुसरा पाइप दिसायला छान होता. वाटीवर नक्षी, नळी काळी चमकदार. तो घेऊन हे टेंभुर्णीला माझ्या मावसभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला आले.

जेवणं झाली. मांडवाच्या कडेला पुरुषमंडळी बसली. ह्यांनी पाइप पेटवला आणि घाटात ब्रेक फेल झालेल्या गाडीची गोष्ट सुरू केली. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की शेवट कधी येणार ते मला त्यांच्या हातावरून कळतं. गाडी वळणावर आली, ह्यांनी स्टिअरिंग फिरवल्यासारखा हात केला, आणि पाइपाच्या जोडाचा डिंक सुटला. नळी तोंडात राहिली. निखाऱ्यासकट वाटी समोर बसलेल्या व्याह्यांच्या मांडीवर.

व्याही उडी मारून उभे राहिले. ह्यांना वाटलं, गोष्ट रंगली. त्यांना हातानं खाली बसवत म्हणाले, "बसा बसा, घाबरू नका. वाचले सगळे."

नव्या धोतराला भोक पडलं होतं. माझ्या वहिनीनं मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "वन्सं, बिडी काय वाईट होती?"

मला हसू आलं नाही. परतीच्या बसमध्ये हे खिडकीकडे तोंड करून खोकत होते आणि मी रुमाल हातात धरून बसले होते. त्यांना देऊ की नको तेच कळत नव्हतं.

*

तिसरा पाइप आला तेव्हा बाकड्यावर तिघेही होते. दोनदा फजिती झाल्यामुळे ह्यांना चिडवणं चाललं होतं. हे तावातावानं उठले आणि टेकडीकडे हात करून म्हणाले, "देवीची आण. हा पाइप हातात हाये तोवर बिडीला शिवणार न्हाई."

मी आत मशीनचं चाक धरून बसले. ह्यांनी आण घेतली की मोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

आणि तो पाइप पेटेना! पॉलिश चांगलं, जोड पक्का, पण वाटीतून नळीत जाणारं भोकच नीट पडलेलं नव्हतं. काडीवर काडी ओढली, गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं. धूर नाही. नामदेवराव म्हणाले, "ह्याचीबी केस पेंडिंगच दिसून राह्यली."

ह्यांनी तो इस्माईलभाईंच्या हातात दिला. "सुईएवढं भोक पाडून द्या. जल्दी न्हाई, उद्या द्या."

त्या दिवशी मी स्वतः चहा घेऊन शेजारी गेले. इस्माईलभाई पाइप दिव्याकडे धरून बघत होते. मी म्हटलं, ते भोक तसंच राहू द्या.

त्यांनी पाइप फळीवर ठेवला. मग म्हणाले, "भाभी, दुरुस्तीला आलेली चीज बिनदुरुस्तीची वापस करायची? आमच्या अब्बांनी ह्ये शिकवलं न्हाई."

मी त्यांना डॉक्टरांचं सांगितलं. चपलेतल्या खड्याचंही सांगितलं. मग कप उचलून परत आले. रात्रभर मला वाटत राहिलं, त्या भल्या माणसाला आपण उगाच अडचणीत टाकलं.

सकाळी इस्माईलभाई आले. पाइप बाहेरून असा घासला होता की आरशासारखा चमकत होता. वर्तमानपत्रात गुंडाळून ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "वापरता वापरता खुलंल." फुंकून पाहिला नाही, तोंडाला लावला नाही. काम पडलं आहे म्हणून लगेच वळले आणि दुकानात जाऊन रिकाम्या फळीवर रंधा मारू लागले.

हे त्यांच्या पाठीकडे बघत होते. मग पाइप तोंडात धरून बाकड्यावर बसले.

*

पुढचे दिवस कसे गेले ते आम्हांलाच ठाऊक. हे बसत, उठत, स्टँडपर्यंत जात, रिव्हर्स घेणाऱ्या ड्रायव्हरांना पाइपानं खुणा करत आणि परत येत. घरात काडेपेट्या संपायच्या, तंबाखूची पुडी तेवढीच राहायची. चिडचिड इतकी की माझ्या मशीनचा आवाजही खपायचा नाही. मला भीती वाटायची, एक दिवस पाइप भिरकावतील आणि आण तिथेच संपेल.

नामदेवरावांच्या एका तारखेला हे चहा सांगायला गेले होते. पाइप बाकड्यावर. नामदेवरावांनी इकडेतिकडे पाहिलं, आपल्या छत्रीची काडी उपटली आणि पाइपाच्या नळीत घातली. मित्राचं कल्याण करायला निघाले होते! मी खिडकीतून ओरडणार, तेवढ्यात सुई माझ्या बोटात गेली. तोंडातून नुसतं "आई गं" निघालं. नामदेवराव दचकले, हाताला हिसका बसला आणि काडी आतल्या आत मोडली.

आधी थोडी तरी हवा जात होती. आता तीही बंद.

नामदेवरावांचा चेहरा उतरला. "वहिनी, सांगू नका. म्या चांगलंच करायला गेल्तो."

मी बोट चोखत म्हणाले, "फार चांगलं केलंत, भाऊजी." ते पुढची तारीख टळेपर्यंत आमच्याकडे फिरकले नाहीत.

*

आता हल्लीचं. नामदेवरावांचे तरुण वकील बाकड्यावर आले होते. नामदेवराव त्यांना चहा पाजत होते. इस्माईलभाई बाहेर बसून एका गिऱ्हाइकाच्या स्टुलाचे पाय घासत होते. हे रिकामा पाइप तोंडात धरून पेपर वाचत होते. काडेपेटी जवळ नव्हती. ती ते कधीपासून बाळगत नाहीत, मला सांगता येणार नाही. एवढं खरं की मागच्या मंगळवारी टेकडीवर मीच मागे राहिले होते.

वकीलसाहेबांनी मोबाइल ह्यांच्यापुढे केला. "काका, हा बघा. इम्पोर्टेड, लाकडी, एकदम स्वस्त. ऑफिसात टेबलावर बरा दिसेल, कधी तरी ओढताही येईल. घेण्यासारखा आहे का?"

इस्माईलभाईंचा हात थांबला. नामदेवरावांनी चहाचा कप तोंडाला लावला, तो काही खाली येईना. मी मशीनवरून पाय काढला.

ह्यांनी पाइप तोंडातून काढला. उजेडाकडे धरला, नळीला एक डोळा लावून पाहिलं आणि शर्टाला पुसला.

"घ्या की साहेब. स्वस्तातलाच घ्या," हे म्हणाले. "फक्त धूर निघाला तर वापस करा."

वकीलसाहेब खूप हसले. नामदेवरावांना ठसका लागला. इस्माईलभाई उठले, तोंड फिरवून कडेचा दुसरा स्टूल ओढला आणि पक्का आहे का ते त्यावर बसून बघू लागले. सकाळीच गिऱ्हाइकासमोर बसून दाखवलेला स्टूल होता तो.