आधी पाइप, मग भिंती

कुणाचं नवं घर बघायला गेलं की माणसं हॉल बघतात, देवघर बघतात. माझे भावोजी मोरीची जाळी उचलून आत बघतात. पालीला एका वास्तुशांतीत यजमान प्रसाद घेऊन त्यांना शोधत होते आणि हे घरामागे चेंबरचं झाकण उघडून उकिडवे बसलेले. "उतार कमी पडलाय हो," एवढाच त्यांनी आशीर्वाद दिला.

हेच भावोजी आपल्या आवारात अक्कांसाठी वेगळी खोली बांधायला निघाले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सगळी नोकरी मुंबईत झालेली, चाळीत सामाईक संडासापुढे बादली घेऊन उभं राहण्यात उमर गेलेली. भावाच्या घरात राहायला त्या तयार नव्हत्या. स्वतःचा नळ आणि स्वतःची कडी असेल तरच येईन, असं त्यांनी कळवलं होतं.

गवंडी चिरे कधी आणू म्हणून विचारत होता आणि भावोजी मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढत होते. ही पाण्याची, ही सांडपाण्याची, ही विजेची, तीही पाण्यापासून लांब. शोषखड्डा विहिरीपासून दूर, खालच्या अंगाला. माझ्या ताईला त्यांनी बेसिनच्या जागी उभं केलं, मला कमोडच्या जागी खुर्चीवर बसवलं आणि स्वतः अक्कांसारखे वाकून आमच्यामधून ये-जा केली. ताईचा भात करपला, पण बेसिन वीतभर सरकेपर्यंत तिची सुटका झाली नाही. जांभ्या दगडात चर खणून पाइप टाकल्यावर त्यांनी एका टोकाला बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि दुसऱ्या टोकाशी पालथे पडून वाट बघितली. पाणी मध्येच तुंबलं. सगळा पाइप उखडून पुन्हा बसवला.

अक्का आल्या. त्यांनी आतून कडी लावली आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. भावोजी बाहेर चेंबरपाशी उभे होते. पाणी नीट पोचलं तसे ते डोळे पुसून घरात गेले.

यंदा अक्कांचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना मोठ्या घरात हलवावं लागलं. आता त्या पडूनच असतात. भावोजी मात्र रोज सकाळी त्या रिकाम्या खोलीत जाऊन एकेक नळ सोडतात. कशाला, म्हणून मी विचारलं.

"जाळीखाली साचलेलं पाणी सुकलं की पाइपातला वास वर येतो," ते म्हणाले. "अक्का परत येईल तेव्हा वास नको."

डॉक्टर काय म्हणालेत ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी न्हाणीतला नळ सोडायला गेलो.