क्रेनवरच्या घारकाकांची इंग्रजी परीक्षा

कारखान्याच्या छपराखाली सरकणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये जो माणूस बावीस वर्षं बसला, त्याला सगळे घारकाका म्हणत. खालून मुकादमाने नुसता पंजा हलवला, की वरून टनभर वजनाचा साचा ताटात लाडू ठेवावा तसा अलगद उतरे. तोंडाचं काम नव्हतंच कधी.

पण मालक बदलले, वॉकीटॉकी आले, नि फर्मान निघालं: हुकूम इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. नापास तो खाली, खोके बांधायला.

घारकाकांनी सुनेला गळ घातली. तिने स्वयंपाकघराच्या दारात खडूने रेघ मारली.

"बाबा, मस्ट नॉट कम म्हणजे रेघ ओलांडायची नाही. नीड नॉट कम म्हणजे आलात तरी चालेल, नाही आलात तरी चालेल. कॅनॉट कम म्हणजे दारच बंद, येणार कुठून?"

"या तिन्हीचा अर्थ 'नको'च की गं!"

"नाही हो बाबा! तीन वेगळी."

काका रेघेवर एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभे. आतून काकू म्हणाल्या, "अगं, मी तीस वर्षं सांगतेय यांना, आत यायची गरज नाही. तरी येतात नि डबे उघडतात. नीड नॉट पाठच आहे त्यांना!"

गो, कम, मूव्ह, क्रॉस... आठ दिवस रेघ पुसली, पुन्हा मारली. काकांच्या डोक्यात नुसता काला झाला. कुणी 'नॉट' म्हटलं की पाय जागीच थबकत.

परीक्षेला बाहेरगावचे साहेब आले. काकांच्या आधीच्या दोघांनी फाडफाड 'येस सर' म्हणत साचे नेले. मग काका वर चढले. साचा उचलला, अर्ध्या वाटेत आला, नि वॉकीटॉकी खरखरला. काहीतरी नॉट, काहीतरी मूव्ह.

कुठलं नॉट? डोक्याला कळेना. पण हाताला शंका नव्हती. हुकूम कळला नाही तर वजन जागीच धरायचं, ही बावीस वर्षांची सवय. क्रेन थांबली. काकांनी भोंगा दोनदा वाजवला: कळलं नाही, पुन्हा सांगा.

साहेबांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा भोंगा.

"अहो घारकाका, घालवलीत की केबिन!" मुकादम ओरडला. "हला की!"

काका हलले नाहीत. वजन लटकत असताना केबिन सोडून उतरायचंही नसतं. शेवटी साहेबच बेचाळीस पायऱ्या चढून, धापा टाकत वर आले आणि बोटाने खाली जमिनीवरची निळी खूण दाखवली. काकांनी साचा बरोबर तिथे टेकवला.

साहेबांनी खाली येऊन मुकादमाकरवी निकाल सांगितला. आधीचे दोघे नापास: तोच हुकूम न कळताच वजन हलवलं म्हणून. काका पास, केबिन त्यांचीच.

"पण साहेब म्हणाले काय होते?" काकांनी विचारलं.

"हलायची मनाई," मुकादम म्हणाला. नापास झालेल्यांपैकी एक म्हणाला, "छे! हलायची गरज नाही, असं."

काका घरी आले ते त्याच घोळात. वासाने स्वयंपाकघराकडे वळले.

"अहो, आत यायची गरज नाही हं!" काकू म्हणाल्या.

काका पुसट रेघेपाशी थबकले. गरज नाही, की मनाई? मग दाराची कडी दोनदा वाजवली आणि तिथेच उभे राहिले.