साहेबांचे हात

गवंड्याला दोन शब्द सांगायला गेलो, तर लेक म्हणाली, "बाबा, घर माझं आहे. तुम्ही बसा." ओल्या प्लास्टरच्या वासात बसलो आणि टाकव्याच्या कारखान्याचं उद्घाटन आठवलं.

मी तिथं दुभाष्या होतो. वडिलांच्या वीटभट्टीतून प्लास्टरची मोठी कंपनी उभारणारे जर्मन साहेब नुकतेच निवृत्त झाले होते. कारभार आता मुलीकडे होता. पण तिला काहीही विचारलं, की उत्तर साहेबच देत. दोघांचं भाषांतर करून मी पार वैतागलो होतो.

सरपंच आबांनी नारळही साहेबांच्याच हातात दिला. मुलगी जर्मनमध्ये कडाडली.

"म्याडम काय म्हनत्यात?" आबांनी मला विचारलं.

"नारळ मी फोडणार म्हणतात."

"मग फोडू द्या की! आमचं काय न्हाई."

साहेबांनी नारळ दिला. पहिल्या फटक्यात तो फुटला नाही. साहेब पुढे सरसावले, थबकले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. दुसऱ्या फटक्यात नारळ फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी नाही.

तेव्हा मला तो हेकटपणा वाटला. आज वाटतं, हात सोडले असते तर तुकडे गोळा करायलाही तेच वाकले असते.