सौंदडची लेन्स

दवनीवाड्यात प्रेमिला पटलेला सगळे फोटोवाली वहिनी म्हणत. लग्न होऊन ती गावात आली तेव्हा कॅमेरा कुठून धरतात तेही तिला माहीत नव्हतं. नवरा ओमेश धानाची शेती पाहायचा आणि सवड मिळाली की तिरोड्याला चुलतभावाच्या फोटो स्टुडिओत जायचा. त्याच्यासोबत जाऊन तिथेच प्रेमिला कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम जुळवायला शिकली. हळदीचे फोटो जुळवताना तिला एक गोष्ट खटकायची. नवरीच्या मावश्या, काकवा, आत्या पदर घट्ट धरून, ओठ मिटून उभ्या. फोटोग्राफर परका पुरुष, त्याच्यासमोर कोण मोकळं हसणार?

"हे हळदीचे फोटो होय का ग्रामसभेचे?" ती एकदा ओमेशला म्हणाली.

"मंग तूच काढून पाय नं," तो म्हणाला.

तिने काढले. तिच्यासमोर बाया नाचल्या, एकमेकींच्या गालाला हळद फासली, एका म्हाताऱ्या आजीने तर नवरीच्या सासूची नक्कल केली. ते फोटो गावभर फिरले आणि प्रेमिलाला कामं येऊ लागली. हळद, डोहाळजेवण, बारसं. बायकांचं जे जे घरात होतं ते ते तिच्याकडे.

पण घरातलं म्हणजे अंधारातलं. तिच्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या लेन्सला उजेड पुरायचा नाही. फ्लॅश मारला की पाळण्यातलं बाळ दचकायचं आणि बायांचे डोळे मिटायचे. तिला हवी होती पंच्याऐंशी एमएमची लेन्स, जिचं तोंड मोठं असतं, जी खिडकीतून आलेल्या कवडशावरही चेहरा उजळ टिपते. नवी घेणं झेपणारं नव्हतं. मात्र शहरातले फोटोग्राफर आता मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले नवे कॅमेरे घेत होते आणि जुन्या लेन्स विकायला काढत होते.

तशी एक तिने नागपूरच्या एका माणसाकडून घेतली. स्टेशनच्या गर्दीत, गाडी सुटायच्या आधी दहा मिनिटांत. बाहेरून लेन्स चकचकीत होती. डिंपल नावाच्या मुलीच्या हळदीला ती पहिल्यांदा वापरली, तर सगळे फोटो पांढुरके, दुधात बुडवल्यासारखे. लेन्सच्या आत बुरशी होती. त्या माणसाने नंतर फोन उचलला नाही. प्रेमिला डिंपलच्या आईकडे गेली आणि खरं ते सांगून आली. ती माउली नुसती फोटो पुन्हा पुन्हा पाहत राहिली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं प्रेमिलाला वाटलं.

त्यानंतर ती लेन्स पारखायला शिकली. मागून मोबाइलची बत्ती लावायची आणि पुढून तिरकं पाहायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. धुरासारखा थर दिसला तर तीही लेन्स नको. उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पात्या उघडझाप करताना अडकतात का, त्यांना तेल लागलंय का, लेन्सवरचं कडं फिरवताना आतून खरखर येते का. शेवटी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्याचा फोटो काढायचा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचायची.

धान निघून खळी मोकळी झाली तेव्हा तिला मोबाइलवर एक जाहिरात दिसली. सौंदडच्या शालीकराम कापगतेंचा कॅमेरा आणि दोन लेन्स विकायच्या होत्या. जाहिरात त्यांच्या मुलीने, टीनाने, नागपुरातून टाकली होती. दोनांतली एक पंच्याऐंशीची होती. प्रेमिला बल्लारशाच्या पॅसेंजरने सकाळीच सौंदडला उतरली.

शालीकराम सत्तरीला टेकलेले, उंच, किंचित वाकलेले. चाळीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांतल्या लग्नांचे फोटो काढले होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ओसरीत त्यांची बायको देवकाबाई सुपात लाखोळीची पालेभाजी निवडत बसली होती. मास्तरांनी लोखंडी कपाटातून चामड्याची पेटी काढून प्रेमिलापुढे ठेवली.

"पाहून घे पोरी, नीट पाहून घे. मले काही घाई नाही."

तिने पंच्याऐंशीची लेन्स पेटीतल्या घट्ट झाकणाच्या डब्यातून काढली. मास्तरांनी ती हौसेने घेतली होती, पण फारशी वापरली नव्हती. मागून बत्ती लावली. आत स्वच्छ. पात्या कोरड्या. वर्तमानपत्राचा फोटो काढला, तर कोपऱ्यातली बारीक जाहिरातसुद्धा वाचता आली.

"चांगली हाय काका. नेतो मी," ती म्हणाली. भावही ठरला होता, घासाघीस करायचं कारण नव्हतं.

"ही दुसरी बी नेऊन टाक," मास्तरांनी पेटीतली रोजच्या वापरातली झूम लेन्स पुढे केली. "हिचे पैसे नको देऊस. हिच्यावरच सारी जिंदगी गेली. आता ठेवून काय करू?"

"काम काऊन सोडलं काका?"

मास्तर पेटीचं झाकण पुसू लागले. मग देवकाबाईच बोलली. "डोळे गेले म्हणते. तीन साल झाले."

"गेलेच नं," मास्तर म्हणाले. "शेवटचं लगन काढलं, तर सारे फोटो भुरकट. अंतरपाटाचा एक फोटो धड नाही. नवरदेवाचा बाप चारचौघांत म्हणे, मास्तर, आता घरी बसा. खरंच म्हणत होता तो. कॅमेऱ्यातून पाहो तर धुकंच धुकं. म्हटलं, लोकाच्या लग्नाची माती कायले करायची?"

प्रेमिलाच्या हातात ती झूम लेन्स होती. सवयीने तिने मागून बत्ती लावली आणि ती जागच्या जागी थबकली. आतल्या काचेवर कडेपासून मधापर्यंत बुरशी पसरली होती. नागपूरच्या लेन्सपेक्षाही दाट.

तिने बत्ती विझवली. पंच्याऐंशीची लेन्स तिच्या मांडीवर होती. पैसे पर्समध्ये होते. परतीची गाडी अर्ध्या तासावर. काही न बोलता उठली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती. आणि बोलली तर मास्तर पुन्हा कॅमेरा धरणार आणि ही लेन्स हातची जाणार, हेही तिला कळत होतं. माघात तिच्याकडे पाच हळदी होत्या.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही घरात बी धुकं पाहता का? काकीचं तोंड भुरकट दिसते का?"

"वाचताना त्रास होते. बाकी दिसते."

"मंग इकडं या. इथून पाहा."

तिने पुन्हा बत्ती लावून लेन्स त्यांच्यापुढे धरली. मास्तर वाकले. चष्मा वर केला, खाली केला. लेन्स स्वतःच्या हातात घेतली, उन्हात नेली, परत आणली.

"हे कवाचं होय?"

"बरसातीतलं असन. चामड्याच्या पेटीत ओल धरते. बंद कपाटात तर लवकरच."

मास्तरांनी आपल्या चाळीस वर्षांत लेन्स पुसली होती, जपली होती, पण तिच्या आत कधी डोकावून पाहिलं नव्हतं. प्रेमिलाने पंच्याऐंशीची लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवली आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी तो सवयीने डोळ्याला लावला. त्यांनी देवकाबाईकडे रोख धरला.

"मले कायले काढता? तोंड बी धुतलं नाही," ती म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून तिने पदर नीट केला.

प्रेमिलाने फोटो मोठा करून दाखवला. देवकाबाईच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. कपाळावरचं गोंदण, नाकाच्या फुलीतला खडा, सगळं लख्ख. मास्तर खाटेवर बसले. बराच वेळ त्यांनी कॅमेरा खाली ठेवला नाही.

"तीन साल," ते एवढंच म्हणाले.

नंतर त्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं आणि ओशाळल्यासारखे म्हणाले, "पोरी, ही लेन्स आता देववत नाही मले."

"नका देऊ," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दुसरं काही बोलणं तिला सुचलंही नसतं.

गाडी चुकली. देवकाबाईने भात आणि लाखोळीची भाजी वाढली आणि दुपारनंतर प्रेमिला बसने परत निघाली. रिकाम्या हाताने घरी आली तेव्हा ओमेशने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बुरशीचं सांगितलंच कायले?" ती चहा ठेवायला आत गेली. 

पंधरा दिवसांनी मास्तरांचा फोन आला. ते गोंदियाला डोळे दाखवून आले होते. डाव्यात मोतीबिंदू सुरू झाला होता, उजवा चांगला होता. नुसता चष्म्याचा नंबर बदलला होता.

"फोटो तं उजव्यानंच काढतो मी," ते म्हणाले. "पण गुडघे नाही म्हणून राहिले. तीन दिवसाचं लगन आता होत नाही. तुझी पहिली हळद कोनत्या तारखेले हाय?"

त्या तारखेला मास्तर स्वतः दवनीवाड्याला आले, ती पंच्याऐंशीची लेन्स पेटीऐवजी टॉवेलात गुंडाळून. अंगणात मांडवाखाली खुर्ची टाकून ते म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढत बसले. आत हळद सुरू झाली की लेन्स प्रेमिलाकडे, बाहेर पाहुणे आले की मास्तरांकडे. एकदा तर दारातून त्यांचा आवाज आला, "पोरी, दहा मिनिटं दे. नवरीचा आजा आला, बसेल तवर काढून घेतो." प्रेमिलाने हळदीच्या हाताने नको म्हणून बोटं पदराला पुसली, लेन्स सोडवली आणि बाहेर नेऊन दिली.

माघातल्या पाचही हळदी दोघांनी अशाच काढल्या. वैशाखात गोंदियाच्या एका फोटोग्राफरने पंच्याऐंशीची लेन्स विकायला काढली, तेव्हा दोघं मिळून पाहायला गेले. बत्ती मास्तरांनी धरली. त्यांनी इतका वेळ लावला, की त्या फोटोग्राफरने दोनदा चहा मागवला. शेवटी त्यांनी मान हलवली आणि प्रेमिलाने पर्स उघडली.