शालीखालचा हात
कपाटातून शाल काढली, डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि बाबांना घेऊन जायचो ती अंधेरीतली डायलिसिसची खोली आठवली. एरवी मुंबईत शाल लागते कुणाला? पण तिथला एसी असा, की मशीनला जोडलेले सगळे पेशंट ट्रंकेतल्या शाली पांघरून पडलेले असायचे. सुई टोचलेला हात उघडाच ठेवा, असं सिस्टर दर वेळी बजावायच्या. ऐकायचे एकटे बाबा. "त्या मशिनीर माझो भरवसो नाय," म्हणत ते कुडकुडत स्वतःच्या हातावर, वर शेजाऱ्यांच्याही हातांवर नजर ठेवून असायचे. मला लाज वाटायची. एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्या मावशी, एरवी थंडीने कुरकुरणाऱ्या, खुशीत म्हणाल्या, "आज हात कसा मस्त गरम वाटतोय." बाबांचे डोळे बारीक झाले. "तेंची शाल उचल रे आधी!" ते माझ्यावर ओरडले. मशीनचा दिवा हिरवाच होता, अलार्म गप्प. मी शाल उचलली. सुई निसटली होती आणि ती ऊब रक्ताची होती. सिस्टर धावत आल्या, म्हणून मावशी वाचल्या. बाबा आता नाहीत. पण घरात कुणी पांघरुणात शिरून "आता बरं वाटतंय" म्हणालं, की मी आधी पांघरूण उचलून बघतो.