उष्टी हळद

आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान होत्या. पण मुलं मावशी म्हणायची, म्हणून आम्ही शिक्षिकाही त्यांना मावशीच म्हणायचो. त्यांचं माहेर सायखेड्याचं. नवरा आमच्याच शाळेत शिपाई होता. काविळीनं तो गेला आणि त्याच्या जागी त्या लागल्या, तेव्हा त्यांना तिशीही लागली नव्हती. पंचवटीत सासू आणि दिराच्या कुटुंबासोबत राहायच्या.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. मी मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी महिला मंडळांमधून बोलायचे. बोलणं मला जमायचं. कुंकवाच्या बोटावरून बाईची किंमत ठरवू नका, असं मी म्हटलं की बायका टाळ्या वाजवायच्या, आणि त्या टाळ्या मला आवडायच्या. हे आज कबूल करायला हवं.

शाळेत दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं. मावशी सकाळी लवकर येऊन सतरंज्या घालायच्या, तिळगुळाची ताटं लावायच्या, आणि पालक महिला यायला लागल्या की मागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसायच्या. कोणी त्यांना जा म्हणत नव्हतं. एका वर्षी मी ठरवलं की हे बंद करायचं. मुख्याध्यापकांना सांगितलं, वर्तमानपत्राच्या ओळखीच्या वार्ताहराला बोलावलं, फक्त मावशींना काही सांगितलं नाही. भाषण संपवून मी टाकीपाशी गेले, त्यांचा हात धरला आणि त्यांना सगळ्यांच्या समोर आणलं.

“नको बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “घरी लय बोलतील.”

“बोलू द्या,” मी म्हटलं आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मला वाटलं, भरून आलंय त्यांना.

फोटो छापून आला. त्यात माझा चेहरा स्पष्ट होता आणि मावशी अर्ध्या पाठमोऱ्या. घरी सासू पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. वहिनीमुळे चारचौघांत मान खाली घालावी लागली, म्हणून दिरानं फोटो फाडला. हे मला मावशींकडूनच कळलं. मी ते पुढच्या भाषणात वापरलं.

मात्र मावशी टिकली लावायला लागल्या. बारीक, मरून रंगाची. आधी शाळेत येऊन लावायच्या, मग घरूनच लावून यायला लागल्या. ते धाडस त्यांचं होतं, पण श्रेय मी घ्यायचे.

माझी मुलगी त्याच शाळेत होती. मधल्या सुट्टीत वेण्या सुटल्या की ती माझ्याकडे न येता मावशींकडे जायची. एकदा परीक्षेच्या दिवसांत तिला ताप भरला. मी वर्गावर पर्यवेक्षणाला होते. पेपर संपवून आले तर ती मावशींच्या मांडीवर झोपलेली आणि मावशी ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत बसलेल्या. कॉलेजात गेल्यावरही ती दिवाळीत त्यांना फराळ द्यायला जायची.

तिचं लग्न ठरलं तेव्हा नवं शतक सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. स्थळ निफाडचं, द्राक्षबागायतदार, माणसं मोठी. मावशी दोन दिवस आधीपासून आमच्याकडे होत्या. सुपाऱ्या मोजून ठेवण्यापासून पाहुण्यांच्या अंघोळीच्या पाण्यापर्यंत सगळं त्यांनी पाहिलं. हळदीच्या दिवशी त्या नवं अबोली पातळ नेसून आल्या, डोक्यात गजरा माळलेला. मी त्यांना गजरा माळलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

निफाडहून विहीणबाई चार बायकांसोबत उष्टी हळद घेऊन आल्या. आमच्याकडे नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीला लावतात. इमारतीच्या गच्चीवर मांडव होता. मुलगी पाटावर बसली आणि एकेक बाई पुढे होऊन हळद लावायला लागली. मावशीही रांगेत उभ्या राहिल्या. हात धुऊन, पदर खोचून. त्यांना यात विचारण्यासारखं काही वाटलं नसावं. मीच तर त्यांना तसं शिकवलं होतं.

त्यांच्या पुढे दोन बायका उरल्या तेव्हा विहीणबाईंनी मान वळवून रांगेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मावशींच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याकडे, असं मला वाटलं. माझ्या सासूबाई लांब खुर्चीत होत्या, त्यांना तर नीट दिसतही नव्हतं. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन पुढे गेले आणि मावशींचा कोपर धरला.

“मावशी, जरा चहाचं बघता का? पाहुण्यांना मिळाला नाही वाटतं अजून.”

त्याच वेळी केटररचा माणूस चहाचा ट्रे घेऊन आमच्या शेजारून गेला. मावशींनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बघते की,” त्या म्हणाल्या.

खोचलेला पदर तसाच ठेवून त्या रांगेतून बाहेर पडल्या. खरंच चहा घेऊन आल्या, सगळ्यांना दिला. मलाही दिला आणि मी तो प्यायले. मुलीला पाहुण्या बायकांनी घेरलं होतं. तिला काही दिसलं नाही. जेवणं व्हायच्या आत मावशी निघून गेल्या.

रजा संपवून मी शाळेत गेले तेव्हा त्या नेहमीसारख्या व्हरांड्यात होत्या. कपाळाला टिकली होती. ती पाहून मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटली.

“मावशी, त्या दिवशी पाहुणे समोर होते, म्हणून मी…”

“बाई,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “साळंत कुंकू लावलं तव्हा तुमी मला इचारलं नव्हतं. हळदीला थांबवलं तव्हाबी नाय इचारलं. मी आपली दोन्ही येळेला नुसती हुभी व्हते.”

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि घंटा द्यायला गेल्या.

त्यानंतर मी भाषणं करणं सोडलं. लोकांना मी गुडघ्यांचं कारण सांगितलं.

लग्नानंतर दोनेक महिन्यांनी आम्ही निफाडला मुलीकडे गेलो. फोटोंचा अल्बम आला होता. विहीणबाई मला शेजारी बसवून एकेक पान उलटत होत्या. त्यांच्या घरच्या हळदीच्या फोटोत एक म्हातारी, पांढऱ्या केसांची बाई जावयांच्या गालाला हळद लावत होती. कपाळ मोकळं होतं.

“ही माझी आई,” विहीणबाई म्हणाल्या. “पहिली हळद हिनंच लावली नातवाला. माझे वडील कधीच गेले, पण आमच्यात असलं काही पाळत नाहीत. त्यातलीच उष्टी हळद घेऊन आलो होतो आम्ही तुमच्याकडे.”

मी काहीतरी बोलले. “फोटो छान आलाय,” असंच काहीतरी. त्या दिवशी गच्चीवर त्यांनी मान वळवून पाहिलं ते कदाचित मावशींचा गजरा पाहायला, कदाचित उगाचच. मी ज्या माणसांना घाबरले होते, ती तशी नव्हतीच. भीती माझ्याच घरची होती.

मुलगीही वाकून अल्बम पाहत होती. आमच्याकडच्या हळदीची पानं संपली तशी तिनं विचारलं, “आई, मावशी एकाही फोटोत कशा नाहीत गं?”

“त्या चहापाण्यात गुंतल्या असतील,” मी म्हटलं.

दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा फराळ घेऊन मावशींना भेटायला गेली. परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, “मी विचारलं त्यांना, हळद लावायला का नाही आलात म्हणून. म्हणाल्या, गर्दी लय व्हती, मीच म्होरं आले नाय. एवढं काय लाजायचं गं आपल्याच माणसांत?”

सांगायची तीच वेळ होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

“आहेत तशा त्या,” मी म्हटलं, आणि तिच्यासाठी पान वाढायला घेतलं.

मावशी आता निवृत्त होऊन सायखेड्याला भावाच्या मुलांकडे राहतात. बसनं गेलं तर फार लांब नाही. मी अजून गेलेले नाही, आणि मुलीलाही काही सांगितलेलं नाही.