मामांचा गळा आणि माझा हात

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक तरुणपणी कलकत्त्यात रोज सकाळी एका माणसाच्या गळ्यावर वस्तरा धरत असे. तो माणूस लेखकाचा सख्खा मामा होता. दोघांपैकी अधिक कोण घाबरत असे, याचा निकाल अजून लागलेला नाही.

नानामामा खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये होते. ते पेटीकडे नुसते बघत आणि पेटीचा मालक आपण होऊन सगळे कबूल करी, अशी त्यांची ख्याती. नोकरी लागल्यावर मी त्यांच्या बालीगंजच्या घरी राहायला आलो, तो ट्रंक खाली ठेवायलाही परवानगी मागत होतो. असा हा माणूस फक्त न्हाव्याला भीत असे. "परक्याच्या हातात मान द्यायची ती साहेबाच्या. एक पुरे!" त्यामुळे दाढी घरीच, आजोबांच्या हस्तिदंती मुठीच्या वस्तऱ्याने.

एका रविवारी फर्मान निघाले. "बाप्या माणसाला वस्तऱ्याची धार लावता आली पाहिजे. जा, चामड्याचा पट्टा घेऊन ये." दुकानदाराने बंगालीत विचारले, "खूरेर जोन्नो?" मी घाबरून माझ्या हिंदीत ओरडलो, "घोडे के लिए नहीं, मामा के लिए!"

घरी हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "बंगालीत वस्तऱ्याला खूर म्हणतात, गाढवा. तुझ्या हातात मात्र तो आपला मराठी खूरच दिसणार."

धारेचा दगड ओला करायचा, त्यावर पाते आडवे निजवायचे आणि धार पुढे करून ढकलायचे. पट्ट्यावर सगळे उलटे: पाठ पुढे, धार मागून. टोकाशी पाते पाठीवरून उलटायचे, धारेवरून कधीच नाही. "दगडापुढे धार, चामड्यापुढे पाठ," मामा घोकून घेत. "ऑफिसातही हेच. घरात मात्र नुसती पाठ."

"ऐकू येतंय हो मला," आतून मामी.

पहिल्याच दिवशी मी पट्ट्यावर धार पुढे केली. चामड्याचा काप पापडाच्या तुकड्यासारखा सुटून जमिनीवर पडला. मामांनी त्याच्याकडे कस्टम्सच्या नजरेने पाहिले. मी केलेले आणि न केलेले सगळे गुन्हे कबूल केले.

"हा माझा गळा असता," मामा शांतपणे म्हणाले. मला वाटले, रागाने बोलताहेत.

परीक्षा केसाची असे. मामीच्या फणीतला केस धारेवर टेकवताच तुटला पाहिजे. माझ्या धारेवर तो वाकून नमस्कार करी. "या पोराच्या शिक्षणात मला टक्कल पडणार," मामी म्हणे. अखेर एका सकाळी केस तुटला. मी नाचलो. मामा नाचले नाहीत. त्यांनी व्हरांड्याचे दार लावले, खुर्चीत बसून गळ्याला टॉवेल बांधला आणि म्हणाले, "चल. आता इथं."

"कुठं?"

"गळ्यावर! तुझ्या घोड्याच्या खुरावर नव्हे."

कातडी कशी ताणायची ते दाखवायला त्यांनी हात उचलला, आणि तो पिंपळाच्या पानासारखा थरथरू लागला. मग सगळे उमगले. हनुवटीवर रोज दिसणारे कापसाचे बोळे. कप न उचलता, टेबलावर वाकून चहा पिण्याची नवी तऱ्हा. टेबलावर मनगट टेकले की हात शहाणा असे, सही नीट येई. हवेत उचलला की संपले. त्यांच्याच खात्यातल्या एकाचा हात असाच कापू लागला, तर साहेबाने त्याला डॉक्टरकडे धाडले आणि डॉक्टरने कायमचे घरी.

"ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल," मामा कुजबुजले. "आणि तुझ्या मामीला कळलं तर ती काळजीनं झुरेल. म्हणून तू."

मी वस्तरा टेकवला. पात्याखाली शीर उडत होती. माझी की त्यांची, सांगवत नाही. खाली ट्रामची घंटा वाजली आणि आम्ही दोघे एकदम दचकलो. "श्वास घे लेका," डोळे मिटून मामा म्हणाले, "तू गचकलास तर मीही जाईन." मी घेतला. गळा शाबूत राहिला.

पुढे अनेक वर्षे हाच नेम. रोज सकाळी मामी मोठ्याने जाहीर करी, "मी देवापुढे बसतेय हो, हाक मारू नका!" आणि मग व्हरांड्याचे दार लागे. भीती काही गेली नाही. फक्त तिला चहाइतकी नियमित वेळ मिळाली. कधी कधी पट्टा मी ठेवलेल्या जागी नसे, आणि वस्तरा मी लावलेल्या धारेहून गोड चाले. ते मी माझ्या प्रगतीच्या खात्यात टाकले.

मामा निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांनी चहाचा कप उचलला नाही, एवढेच. दोघे सांगलीला निघाले. हावड्याला गाडी सुटण्याच्या बेतात असताना मामांनी खिडकीतून रुमालात गुंडाळलेला वस्तरा माझ्या हातात दिला. तोसुद्धा रुमालासकट कापत होता.

"ठेव तुला. तिकडं न्हावी आहेत." हे वाक्य ते इतक्या सहज म्हणाले की मला बघवेना. ज्या माणसाने उभ्या जन्मात न्हाव्यापुढे मान वाकवली नाही, तो आता रोज वाकवणार होता.

शिट्टी झाली. गाडी हलली. तेवढ्यात खिडकीतून एक बांगड्यांचा हात बाहेर आला, जराही न कापणारा, आणि त्याने माझ्या मुठीतून वस्तरा हिसकावून घेतला. मामांचा हात झटकन स्वतःच्या गळ्याकडे गेला. आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात मामी ओरडली:

"घाबरता काय असे? दगडापुढे धार, चामड्यापुढे पाठ! रोज दाराआडून ऐकत होते मी!"